रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर : मुलांसह जाणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतील बव्हेरिया राज्यात, टाउबर नदीच्या खोऱ्याच्या काठावर उभे असलेले रोथेनबुर्ग हे तटबंदीचे गाव युरोपच्या सहलीवर निघालेल्या मराठी कुटुंबांच्या यादीत बहुधा असतेच. म्युनिक, फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट या शहरांत नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबेही भारतातून आजी-आजोबा आले की त्यांना तिथे आवर्जून घेऊन जातात. अशा कुटुंबांना, विशेषतः सोबत लहान मुले असलेल्यांना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

युरोपात इतकी जुनी गावे असताना मुलांसाठी हेच गाव का निवडावे?

मुलांना इतिहास कळण्यासाठी तो त्यांच्या पायाखाली यावा लागतो, आणि रोथेनबुर्गमध्ये तो अक्षरशः पायाखाली येतो. गावाची तटबंदी जवळजवळ संपूर्ण उभी आहे, तिच्यावर चढून चालता येते, त्यासाठी तिकीट लागत नाही, आणि चाळीसहून अधिक मनोरे व दरवाजे असलेले हे गाव इतके आटोपशीर आहे की दहा वर्षांचे मूल एका दिवसात त्याचा नकाशा डोक्यात बसवू शकते. १२७४ मध्ये राजा रुडॉल्फ याने या गावाला मुक्त साम्राज्यनगराचा दर्जा दिला, म्हणजे गावावर कोणा सरदाराची सत्ता न राहता ते थेट सम्राटाच्या अधीन आले आणि त्याचा कारभार नगरसभा पाहू लागली. पुढची काही शतके भरभराटीची गेली. सतराव्या शतकातील युद्धांनी आणि प्लेगने मात्र गाव इतके खंगले की नव्या इमारती बांधायला पैसाच उरला नाही. आज आपल्याला जे सौंदर्य वाटते ते बऱ्याच अंशी त्या गरिबीचे फळ आहे, आणि ही गोष्ट थोड्या मोठ्या मुलांना जरूर सांगावी.

कोणत्या वयाच्या मुलांना हे गाव सर्वांत जास्त भावते?

माझ्या मते सहा ते बारा हे वय सर्वांत योग्य आहे. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाला येथे फारसे काही शिकवावे लागत नाही, कारण बुरूज, जंग्या, देवड्या आणि दिंडी दरवाजा हे शब्द त्याच्याजवळ आधीपासूनच असतात. चार वर्षांखालील मुलांना तटबंदीपेक्षा चौकातील कारंजे आणि दुकानांच्या खिडक्या जास्त आवडतात, आणि तेही काही वाईट नाही. किशोरवयीन मुलांसाठी मात्र थोडी तयारी करावी लागते. त्यांना नुसते ‘सुंदर गाव’ म्हणून नेले तर ती तासाभरात कंटाळतात. गावाच्या इतिहासातील अवघड पाने त्यांच्यासमोर मोकळेपणाने ठेवली तर तीच मुले प्रश्न विचारू लागतात.

तिथे कसे पोहोचावे आणि तिकीट काढताना काय काळजी घ्यावी?

सर्वांत आधी नावाची काळजी घ्यावी. नेकार नदीवर रॉटेनबुर्ग नावाचे गाव आहे, फुल्डा नदीवर रोटेनबुर्ग आहे आणि उत्तर जर्मनीत आणखी एक आहे. त्यामुळे तिकीट काढताना ‘ओब डेर टाउबर’ हे शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नयेत. रेल्वेने येताना न्यूरेंबर्गकडून आन्सबाखमार्गे किंवा वुर्झबुर्गकडून श्टाइनाख या छोट्या स्थानकावर उतरावे लागते आणि तिथून रोथेनबुर्गची लहान गाडी पकडावी लागते. हा शेवटचा प्रवास पाव तासाच्या आसपासचा आहे. श्टाइनाख नावाची स्थानकेही अनेक असल्याने ‘रोथेनबुर्गजवळील श्टाइनाख’ असा उल्लेख पाहून घ्यावा.

जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. बव्हेरियातल्या बव्हेरियात प्रवास असेल तर ‘बायर्न तिकीट’ हे दिवसभराचे तिकीट कुटुंबाला पुष्कळदा स्वस्त पडते. त्यावर पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास करता येतो, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालते आणि जलद आंतरशहर गाड्यांना लागू होत नाही. मुलांसंबंधीच्या सवलती बदलत असल्याने त्या काढतेवेळी वाचून घ्याव्यात. स्थानक तटबंदीच्या बाहेर पूर्वेला आहे आणि तिथून जुन्या गावाच्या वेशीपर्यंत दहा-बारा मिनिटे चालावे लागते. मोटारीने येणाऱ्यांनी गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर ठेवावी. आत मुक्काम असेल तर सामान उतरवण्यासाठी गाडी नेण्याबद्दल राहण्याच्या ठिकाणी आधी विचारून ठेवावे.

एक दिवस पुरतो, की मुक्काम करावा?

शक्य असेल तर एक रात्र तरी राहावे, आणि हा सल्ला मी आग्रहाने देते. सकाळी दहाच्या सुमारास पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागतात आणि दुपारभर मुख्य चौकात इतकी गर्दी असते की लहान मुलाला माणसांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. संध्याकाळी बसगाड्या परतल्या की त्याच गल्ल्यांत मुलांना धावता येते, दगडी फरसबंदीवर स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकता येतो आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजता येतात. शिवाय रात्रीच्या पहारेकऱ्याची फेरी, जिच्याविषयी पुढे लिहिले आहे, मुक्काम केल्याशिवाय निवांतपणे होत नाही. फक्त सकाळ ते संध्याकाळ एवढाच वेळ असेल तर संग्रहालये कमी करावीत, पण तटबंदी सोडू नये.

तटबंदीवर मुलांना चालवणे सुरक्षित आहे का? कुठून चढावे?

सुरक्षित आहे, परंतु हात धरण्याच्या वयाच्या मुलाचा हात धरावाच लागतो. तटावर चढण्यासाठी वेशींजवळ दगडी जिने आहेत, आणि स्थानकाकडून येणाऱ्यांना पूर्वेकडील र‍्योडर वेशीचा जिना सोयीचा पडतो. वरची वाट म्हणजे आपल्या किल्ल्यांच्या तटावर असते तशी फांजीच आहे, फरक इतकाच की तिच्यावर कौलारू छप्पर आहे, त्यामुळे पावसातही चालता येते. बाहेरच्या बाजूला जाड भिंत आणि तिच्यात ठरावीक अंतरावर जंग्या आहेत, तर गावाच्या बाजूला कठडा आहे. वाट अरुंद असल्यामुळे समोरून माणसे आली की थांबून जागा द्यावी लागते. काही ठिकाणी छपराच्या तुळया इतक्या खाली आहेत की उंच माणसाला वाकावे लागते. मुले मात्र तिथून ताठ मानेने जातात आणि त्याचा त्यांना फार अभिमान वाटतो.

चालता येण्याजोगा भाग सुमारे अडीच किलोमीटरचा आहे, पण सगळा एका दमात चालण्याची गरज नाही. लहान मुलांसाठी र‍्योडर वेशीपासून दक्षिणेला श्पिटाल वेशीपर्यंतचा टप्पा पुरेसा आहे. वाटेत एका बाजूला परसबागा आणि लाल कौले, तर दुसऱ्या बाजूला जंगीच्या फटीतून दिसणारी बाहेरची झाडी असते. मुलाला प्रत्येक जंगीशी थांबून बाहेर पाहू द्यावे आणि ‘येथून शत्रू किती दूरवर दिसला असता’ असे विचारावे. श्पिटाल वेशीचा बुरूज दुहेरी आहे. वरून पाहिल्यास त्याचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो, आणि त्यातून गावात शिरताना एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात. शत्रूने एक दरवाजा फोडला तरी तो पुढच्या अंगणात कोंडला जावा ही योजना आपल्या गडांवरील वळणदार प्रवेशमार्ग पाहिलेल्या मुलाच्या चटकन लक्षात येते. या वेशीवर कोरलेल्या लॅटिन ओळीचा आशय असा आहे की आत येणाऱ्यांना शांती लाभो आणि बाहेर जाणाऱ्यांचे कुशल होवो. गावाचा सर्वांत कडेकोट दरवाजा पाहुण्याचे असे स्वागत करतो, हे मुलांना वाचून दाखवावे.

तटाच्या भिंतीत जागोजागी नावे कोरलेले दगड दिसतात. ते कोणाचे, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर युद्धाविषयीच्या प्रश्नात दिले आहे.

चौकातील घड्याळाजवळ लोक गोळा होऊन काय पाहतात?

मुख्य चौकात नगरभवनाच्या शेजारी नगरसभासदांची जुनी मद्यशाळा आहे. तिच्या दर्शनी भिंतीवरील घड्याळात सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला दोन खिडक्या उघडतात. एका खिडकीत सेनापती टिली आणि दुसऱ्या खिडकीत माजी महापौर नुश दिसतो, आणि नुश आपला मोठा पेला ओठांशी नेऊन हळूहळू उपडा करतो. सारा प्रकार काही क्षणांत संपतो, त्यामुळे मुलांना आधी गोष्ट सांगितलेली असली तरच त्यात गंमत येते.

गोष्ट अशी आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, कॅथलिक सेनेचा सेनापती टिली याने हे प्रोटेस्टंट गाव जिंकले. गाव लुटण्याचा आणि नगरसभासदांना ठार मारण्याचा त्याचा विचार होता. त्याला सव्वातीन लिटर वाइन मावेल एवढा प्रचंड पेला भरून देण्यात आला. तेव्हा तो म्हणाला की तुमच्यापैकी कोणी हा पेला एका दमात रिकामा केला तर मी गावाला क्षमा करीन. नुश पुढे झाला, त्याने पेला रिकामा केला आणि गाव वाचले.

टिलीने गाव जिंकले हा इतिहास आहे, तर पेल्याची कथा ही आख्यायिका आहे, आणि मुलांना हा भेद तिथेच उभे असताना सांगावा असे मला मनापासून वाटते. हिरकणी रात्री कडा उतरून बाळाकडे गेली ही कथा आपण जशी प्रेमाने सांगतो, तशीच रोथेनबुर्गची माणसे ही कथा सांगतात. १८८१ पासून तिचे नाटक तिथे होत आले आहे आणि पेंटेकॉस्टच्या सणाला, म्हणजे मे किंवा जूनमध्ये, शेकडो गावकरी जुन्या पोशाखात रस्त्यावर उतरतात. मद्य पिण्याची गोष्ट मुलांना कशी सांगावी असा संकोच काही पालकांना वाटतो. मोठ्या माणसाने गावासाठी जीव धोक्यात घातला, अशा अंगाने ती सांगितली की मुलांचे लक्ष पेल्याच्या आकाराकडे आणि टिलीच्या रागाकडेच जाते.

रात्रीच्या पहारेकऱ्याची फेरी मुलांना झेपते का?

काळा झगा, हातात कंदील आणि खांद्यावर परशूसारखे लांब दांड्याचे शस्त्र अशा वेशातील पहारेकरी संध्याकाळी चौकातून निघतो आणि लोकांना गल्ल्यांतून हिंडवत जुन्या काळच्या गोष्टी सांगतो. हंगामात रोज एक फेरी इंग्रजीत आणि एक जर्मनमध्ये असते. इंग्रजी फेरी आधी, रात्री आठच्या सुमारास निघते आणि सुमारे तासभर चालते. पैसे रोख लागतात. सहा-सात वर्षांपुढील मूल इंग्रजी समजत असेल तर सहज रमते. समजत नसेल तर आईवडिलांनी हळू आवाजात मराठीत सांगत राहावे, पण मग गटाच्या मागच्या बाजूस राहणे सौजन्याचे होईल. प्लेग, मृत्यू आणि शिक्षा यांचे उल्लेख त्यात येतात, ते भीती घालण्यासाठी नसतात.

फेरी करा अथवा न करा, पश्चिमेकडील बुर्ग वेशीपर्यंत अंधारात एकदा चालत जावे. या वेशीच्या मोठ्या दरवाज्यात एक अगदी छोटे दार आहे, आपल्या दिंडी दरवाज्यासारखे. रात्री मुख्य दरवाजा बंद झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाला तेवढ्यातून वाकून एकट्यानेच आत यावे लागे, म्हणजे त्याच्यामागून शत्रूची टोळी घुसू शकत नसे. वर भिंतीत एक दगडी मुखवटा आहे आणि त्याच्या उघड्या तोंडातून हल्लेखोरांवर उकळते डांबर ओतत असत असे सांगतात. मुलांच्या मनात हे दार आणि हा मुखवटा कोणत्याही संग्रहालयापेक्षा जास्त काळ राहतात.

हे गाव खरोखर जुने आहे, की पुन्हा बांधलेले? मुलांना युद्धाबद्दल किती सांगावे?

दोन्ही खरे आहे. ३१ मार्च १९४५ रोजी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, अमेरिकी विमानांनी गावावर बॉम्ब टाकले आणि जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग उद्ध्वस्त झाला. मुख्यतः पूर्वेकडची घरे, तटबंदीचा मोठा तुकडा आणि अनेक मनोरे त्यात गेले. पश्चिमेकडचा सर्वांत जुना भाग बऱ्याच अंशी वाचला. त्यानंतर काही दिवसांनी अमेरिकी फौजा वेशीपाशी येऊन ठेपल्या. अमेरिकेच्या युद्धखात्यातील अधिकारी जॉन मॅक्लॉय यांना आपल्या आईमुळे या गावाचे महत्त्व माहीत होते, आणि गावावर तोफा डागू नयेत असा आग्रह त्यांनी धरला. जर्मन बाजूच्या अधिकाऱ्यानेही अखेरपर्यंत लढण्याचा आदेश बाजूला ठेवून गाव न लढता सोडले, आणि उरलेले गाव वाचले. पुढे गावाने मॅक्लॉय यांचा सन्मान केला.

युद्धानंतर पडलेली घरे जुन्या गावाशी मेळ राखून पुन्हा उभारण्यात आली. तटबंदीसाठी जगभरातून देणग्या मागवण्यात आल्या, आणि देणगीदारांची नावे तटात बसवलेल्या दगडांवर कोरली आहेत. त्यात अमेरिकी नावे आहेत, आणि जपानी नावे तर पुष्कळ आहेत. मुलांना एकेक दगड वाचू द्यावा, देश ओळखू द्यावा. ज्या देशाच्या विमानांनी गाव पाडले त्याच देशातील माणसांची नावे तटाच्या डागडुजीत दिसतात, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण समजते. र‍्योडर वेशीच्या मनोऱ्यात त्या हवाई हल्ल्याची छायाचित्रे मांडलेली असतात, आणि मनोरा उघडा असेल त्या वेळी ती मोठ्या मुलांना जरूर दाखवावीत.

परंतु एवढेच सांगून थांबणे अपुरे होईल. मध्ययुगात येथे मोठा ज्यू समाज होता आणि तेराव्या शतकातील विख्यात धर्मपंडित रब्बी मायर यांनी याच गावात अध्यापन केले. १२९८ मध्ये येथील ज्यूंची कत्तल झाली. तिची आठवण देणारी स्मृतिशिला किल्ल्याच्या बागेतील चॅपेलजवळ आहे. १५२० मध्ये ज्यूंना गावातून हाकलण्यात आले, आणि पुढे परतलेल्या कुटुंबांना नाझी राजवटीत ऑक्टोबर १९३८ मध्ये पुन्हा घालवून देण्यात आले. नाझींनी या देखण्या गावाला ‘आदर्श जर्मन गाव’ म्हणून मिरवले होते. बारा वर्षांपुढच्या मुलाला हे सांगावेच, कारण सुंदर घरांत राहणारी माणसे शेजाऱ्याशी किती क्रूर वागू शकतात हे लपवले तर आपण त्याला गाव दाखवले नाही, केवळ त्याचे चित्र दाखवले. लहान मुलांना एवढेच पुरे की येथे आणखी काही कुटुंबे राहत असत, त्यांच्यावर अन्याय झाला, आणि ही शिला त्यांच्यासाठी आहे.

सेंट याकोब चर्चमध्ये मुलांना दाखवण्यासारखे काय आहे?

१३११ मध्ये बांधायला घेतलेले आणि पूर्ण व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागलेले हे चर्च बाहेरूनच मुलांना चकित करते, कारण त्याच्या पश्चिम टोकाखालून चक्क रस्ता जातो. त्या रस्त्याच्या वरच्या दालनात टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. तिच्या मध्यभागी येशूच्या अखेरच्या भोजनाचा प्रसंग असून ठळक जागी यहूदाची आकृती उभी आहे, जो येशूचा विश्वासघात करणार आहे. मूर्तींवर रंग नाही. मागच्या खिडक्यांतून येणारा उजेडच चेहऱ्यांना जिवंत करतो, म्हणून उन्हाच्या वेळी जावे. प्रवेशाला थोडे शुल्क आहे आणि प्रार्थना चालू असताना पर्यटकांना आत सोडत नाहीत.

गुन्हे आणि शिक्षांचे संग्रहालय मुलांसाठी फार भीतीदायक आहे का?

दहा वर्षांखालील मुलांना मी नेणार नाही, कारण छळाची साधने तिथे खरीखुरी मांडलेली आहेत. दहापुढील मुलांना मात्र कायदा कसा बदलत गेला हे समजावण्यासाठी इतकी चांगली जागा क्वचित मिळते. चुगलखोरांना घालावे लागणारे लांब जिभेचे व मोठ्या कानांचे लोखंडी मुखवटे, आणि वजनात मारणाऱ्या पाववाल्याला पाण्यात बुचकळण्याचा पिंजरा यांपाशी मुले रेंगाळतात. लोकांसमोर लाज काढणे ही शिक्षा का मानली जाई आणि आज आपण ती का मानत नाही, यावर तिथेच बोलता येते.

नगरभवनाचा मनोरा चढावा का?

चढायला सुमारे २२० पायऱ्या आहेत. वरचा टप्पा शिडीसारखा उभा आणि अरुंद आहे आणि वर उभे राहायला जागा थोडी आहे. सहा वर्षांपुढील न घाबरणाऱ्या मुलाला न्यावे. पाठीवर बाळ घेऊन चढू नये.

आजी-आजोबा किंवा बाबागाडीतले बाळ सोबत असेल तर?

सर्व गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे लहान चाकांची बाबागाडी सतत अडते आणि बाळ झोपत नाही. मोठ्या चाकांची गाडी किंवा अंगावर बांधण्याची झोळी बरी पडते. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी चौक, हेरनगासे हा रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाची किल्ल्याची बाग एवढा सरळ टप्पा उत्तम आहे. ११४२ मध्ये होहेनश्टाउफेन घराण्यातील राजा कोनराड याने तिथे किल्ला उभारला होता. तो १३५६ च्या भूकंपात ढासळला आणि आता तिथे झाडे, बाकडी आणि खोऱ्याचे मोकळे दर्शन आहे. मुलांना धावायला ही गावातील सर्वांत चांगली जागा आहे, मात्र कडेच्या भिंती बुटक्या आहेत आणि पलीकडे तीव्र उतार आहे. ज्या प्ल्योनलाइन नावाच्या तिठ्याचे छायाचित्र सर्वत्र दिसते, जिथे पिवळे लाकडी चौकटीचे घर दोन वेशींच्या मध्ये उभे आहे, तो रस्ता उताराचा आहे. तिथे ज्येष्ठांनी सावकाश जावे आणि सकाळी लवकर जावे.

शाकाहारी कुटुंबाची जेवणाची सोय होते का?

होते, पण प्रत्येक वेळी विचारावे लागते. केझ-श्पेत्झले हा चीज घातलेला पदार्थ मुलांना आवडतो, परंतु त्याच्या पिठात अंडे असते. बटाट्याच्या सूपमध्ये आणि बटाट्याच्या अनेक पदार्थांत डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा मांसाचे पाणी असू शकते. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ म्हणजे मांस नको, चरबीचे तुकडे नकोत, हे शब्द पाठ करून ठेवावेत, आणि अंडे चालत नसेल तर ‘ओने आय’ हेही जोडावे. पिझ्झा, सॅलड आणि उकडलेले बटाटे सहज मिळतात. एप्रिल ते जूनमध्ये पांढऱ्या शतावरीचे पदार्थ येतात, ते चाखून पाहावेत. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून बाटल्या भरून घ्याव्यात, कारण उपाहारगृहात पाणी विकतच येते. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा दूध, फळे आणि पाव शनिवारीच आणून ठेवावा. ठेपले, दशम्या आणि मेतकूट सोबत नेण्यात कसलाही कमीपणा नाही. भुकेले मूल तट पाहत नाही. मात्र दुधाचे पदार्थ भारतातून युरोपात नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे आणि पनीर पिशवीत ठेवू नये.

श्नेबाल हा पदार्थ मुलांना द्यावा का?

दुकानांच्या खिडक्यांत मांडलेले हे मुठीएवढे गोळे मुलांना दिसतातच. पिठाच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून, गोल साच्यात तळून वर पिठीसाखर भुरभुरवतात. चवीला ते बरेचसे चिरोट्याच्या जवळ जातात, फक्त जास्त कोरडे असतात. पारंपरिक पिठात अंडे आणि थोडे फळांचे मद्य असते आणि तळण्यासाठी कोणती चरबी वापरली हे दुकानागणिक बदलते, म्हणून आधी विचारावे. चॉकलेट लावलेल्यापेक्षा साधा पिठीसाखरेचा घ्यावा, आणि एक चौघांत पुरतो.

कोणत्या ऋतूत जावे? डिसेंबरमध्ये मुलांना थंडी सोसेल का?

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत सुखाचे आहेत. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतरही तटावर जाता येते. सप्टेंबरच्या सुरुवातीला साम्राज्यनगराचा उत्सव भरतो. नाताळच्या आधीचे चार आठवडे चौकात राइटर्लेसमार्क्ट हा शतकांची परंपरा असलेला बाजार असतो. तो सुंदर आहे, पण दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो आणि मुलांचे पाय दगडांवर गारठतात. लोकरीचे मोजे, पाणी न शिरणारे बूट आणि कानटोपी असली तर सोसते. नाताळच्या वस्तूंचे मोठे दुकान आणि त्याला लागून असलेले नाताळ संग्रहालय वर्षभर उघडे असते, त्यामुळे केवळ त्यासाठी डिसेंबर निवडण्याचे कारण नाही. त्या दुकानात काचेच्या वस्तू लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर आहेत, हे आत शिरण्याआधी ध्यानात घ्यावे.

भारतातून येताना मुलाच्या व्हिसासाठी काय लागते?

मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो, पण उन्हाळी सुट्टीच्या भेटीच्या वेळा लवकर संपत असल्याने महिनोन् महिने आधी तयारी करावी. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आहे, आणि सहाखालील मुलांना शुल्क नाही. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा, जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची लेखी संमती लागते. एकच पालक सोबत येत असेल तर दुसऱ्याच्या संमतीपत्राची मूळ प्रत प्रवासातही जवळ ठेवावी.

गावात मुले कंटाळली तर काय करावे?

खोऱ्यात उतरावे. किल्ल्याच्या बागेजवळून पायवाट खाली टाउबर नदीकडे जाते. तिथे दुमजली कमानींचा दगडी पूल आहे, जो १९४५ मध्ये उडवला गेला आणि नंतर पुन्हा बांधला. थोडे पुढे १३८८ मध्ये महापौर टॉपलर याने बांधलेले चिमुकले मनोरेघर आहे, ज्याचा खालचा भाग अरुंद आणि वरचे घर त्याहून रुंद आहे. याच बलाढ्य टॉपलरचा शेवट १४०८ मध्ये नगरभवनाच्या तळघरातील तुरुंगात झाला. त्या कोठड्या चौकात पाहिल्या असतील तर मुले दोन्ही जागा आपोआप जोडतात. नदीकाठी खडे फेकायला, ओहळात पाय बुडवायला वेळ द्यावा. परतीचा चढ चांगलाच दमवणारा आहे, म्हणून पाणी सोबत ठेवावे.

आणखी एक दिवस असेल तर जवळपास कुठे जावे?

विज्ञानाची आवड असलेल्या मुलासाठी दक्षिणेला असलेल्या न्योर्डलिंगेनला जावे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळून पंचवीसेक किलोमीटर रुंदीचे विवर तयार झाले, आणि त्या विवराच्या आत हे गोल तटबंदीचे गाव वसले आहे. आपल्या बुलढाण्यातील लोणारचे सरोवर पाहिलेल्या मुलाला ही भेट फार मोलाची ठरते. लोणारचे विवर बेसॉल्टमध्ये असून त्याची रुंदी दोन किलोमीटरच्या आतच आहे, तर येथले इतके मोठे आहे की आत उभे राहून ते विवर आहे हे कळतच नाही. त्यासाठी ‘डॅनिएल’ नावाच्या चर्चच्या मनोऱ्यावर सुमारे ३५० पायऱ्या चढून जावे लागते, मग सभोवार विवराची कड डोंगररांगेसारखी दिसते. चर्चचा दगडही त्या आघातातच तयार झालेला असून गावातील दगडांत डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म हिरे आहेत. १९७० मध्ये अपोलो १४ मोहिमेचे अंतराळवीर चंद्रावरील खडक ओळखण्याच्या सरावासाठी याच परिसरात आले होते. रोथेनबुर्गहून मोटारीने सकाळी निघाल्यास वाटेत डिंकेल्सब्यूल हे आणखी एक तटबंदीचे गाव पाहून संध्याकाळपर्यंत परत येता येते. रेल्वेने मात्र गाड्या बदलाव्या लागतात आणि लहान मुलांसह तो प्रवास लांबतो, म्हणून त्या रात्रीचा मुक्काम न्योर्डलिंगेनमध्येच करावा.